घरच्या माणसांना घेऊन ‘सौभद्र’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गणपतीत सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या मंडळानं ‘संगीत सौभद्र’ केलं. एक प्रयोग मांडवात, दोन नाट्यगृहात. एकतीस माणसं, धाकटी सहा वर्षांची, थोरले चौऱ्याहत्तरचे. तेव्हापासून शेजारच्या मंडळांचे, एका शाळेतल्या बाईंचे, पुण्याच्या भाचीच्या सोसायटीचे फोन येतात आणि प्रश्न तेच ते असतात. मी दर वेळी निराळं उत्तर देतो अशी तक्रार बायकोनं केली, म्हणून एकदा लिहूनच काढतो. मी व्यवस्थापक होतो, म्हणजे चहा, किल्ल्या आणि शिव्या या तिन्हींचा हिशेब माझ्याकडे. गाण्यातलं मला कळत नाही. गाण्याबद्दल खाली जे लिहिलंय ते आमच्या ऑर्गनवाल्या काकांकडून ऐकून.

सगळं सोडून ‘सौभद्र’च का?

कारण हे घरातलं नाटक आहे. नावं महाभारतातली, पण भांडण आपल्या घरचंच. बहिणीचं लग्न थोरल्या भावानं परस्पर ठरवलंय, धाकट्या भावाला ते पटलेलं नाही, पण तो समोर काही बोलत नाही, मागून सूत्रं हलवतो. बहिणीचा जीव भलत्याच ठिकाणी. बलराम, कृष्ण, सुभद्रा ही माणसं द्वारकेपेक्षा आपल्या वाड्यातली जास्त वाटतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे १८८२ साली रंगभूमीवर आणलं. त्याआधी दोनच वर्षं ‘शाकुंतल’ आलं होतं, पण ते मुळात कालिदासाचं. ‘सौभद्र’ची मांडणी त्यांची स्वतःची, आणि ती अजून पळते.

आमच्या हरिपूरच्या देवलांचं ‘शारदा’ (१८९९) करा, असाही आग्रह झाला. नाटक थोर आहे. पण म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी हा विषय सात वर्षांच्या पोरांना घेऊन करायचा तर तालमीत निम्मा वेळ त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेला असता.

मुलांना कळतं का एवढं जुनं नाटक?

भाषा सगळी कळत नाही, गोष्ट मात्र मोठ्यांच्या आधी कळते. अर्जुन त्रिदंडी संन्यासी, म्हणजे हातात तीन काठ्या एकत्र बांधलेला दंड घेतलेला संन्यासी, होऊन येतो. बलराम त्याला मोठ्या भक्तीनं घरी आणतो आणि वर सुभद्रेलाच त्याच्या सेवेला ठेवतो. हा संन्यासी कोण ते कृष्णाला माहीत, प्रेक्षकाला माहीत, फक्त बलरामाला नाही. आमच्या मांडवात पुढच्या सतरंजीवर बसलेली पोरं दुसऱ्या अंकानंतर बलरामाला ओरडून सांगायला लागली, “अहो, तो अर्जुन आहे!” आमचा बलराम पेशानं बँकेतला. त्यानं एकदा थांबून त्यांच्याकडे बघितलं आणि “लहान मुलांनी साधूंची निंदा करू नये” असं संहितेबाहेरचं वाक्य टाकलं. नाट्यगृहातल्या प्रयोगात ते वाक्य कायम झालं. दिग्दर्शकाला आवडलं नाही, पण आता काढणार कोण?

हक्क कुणाचे? कुणाला मानधन द्यावं लागतं?

किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनाचा हक्क संपतो, त्यामुळे मूळ संहिता आणि पदं मोकळी आहेत. फक्त दोन गोष्टी पाहा. एखाद्यानं अलीकडे केलेली संक्षिप्त रंगावृत्ती घेणार असाल तर ती त्याची आहे, त्याला विचारा. आणि मोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका वाजवायच्या असतील तर त्यांचे हक्क वेगळे. आम्ही जुनं छापील पुस्तक घेतलं आणि कात्री स्वतः चालवली.

महाराष्ट्रात प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाट्यगृह आरक्षित करायला गेलात की ते मागतातच. हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा. आमच्याकडून ते शेवटावर राहिलं आणि एका कार्यालयात मला तीन दिवस एकाच बाकावर बसावं लागलं. चूक आमचीच होती, बाक मात्र फार कडक होतं.

मूळ नाटकात शंभरावर पदं आहेत. किती ठेवायची?

हा खरा प्रश्न, आणि यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. आम्ही सत्तावीस ठेवली. मध्यंतर धरून प्रयोग पावणेतीन तासांत बसला.

पहिल्या वाचनाला प्रत्येकानं आपल्या आवडीची पदं वाचवायला सुरुवात केली आणि आकडा साठाच्या खाली येईना. मग ऑर्गनवाल्या काकांनी एक युक्ती सांगितली: पद काढून नुसता संवाद वाचा. गोष्ट अडली तर पद परत घ्या, नाही अडली तर सोडा. या चाळणीतून बरीच गळली. काही पदं गोष्टीला लागत नव्हती, पण तीही आम्ही मुद्दाम ठेवली. कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश त्यातलाच. ‘प्रिये पहा’ आणि ‘नच सुंदरी करू कोपा’ काढली तर मांडवातले आजोबा खुर्च्या घेऊन घरी जातील, हे व्यवस्थापक म्हणून मी ठामपणे सांगितलं.

बोलण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. नाट्यसंगीत म्हटलं की आपल्या कानात एकदम ताना, हरकती, वीस मिनिटं रंगलेलं पद येतं. ते वैभव नंतरच्या मोठ्या गवयांनी उभं केलं. किर्लोस्करांनी पदं रचली ती लोकांच्या तोंडी आधीच असलेल्या चालींवर: कीर्तनातल्या साक्या आणि दिंड्या, लावणीच्या चाली, कानडी चाली. साकी म्हणजे जवळजवळ सुरात बोलणंच. कधीही गाणं न शिकलेल्या आमच्या नारदानं साक्या अशा म्हटल्या की शब्दन् शब्द मागच्या रांगेत पोचला. हौशी मंडळानं पद तीन मिनिटांत म्हणावं, शब्द स्पष्ट म्हणावेत आणि पुढच्या वाक्याला लागावं. बालगंधर्वांची नक्कल करायला गेलात की ना बालगंधर्व होतात, ना सुभद्रा.

आमच्यात गाणारे दोनच आहेत. जमेल का?

जमेल. ज्यांना गाता येतं त्यांना सुभद्रा आणि कृष्ण द्या, अर्जुनाला सुरात राहणारा माणूस पुरे. बाकीच्यांची पदं कमी करा. बलरामाला पदं नाही दिलीत तरी त्याचा राग गद्यातच शोभतो.

अडचण येते पट्टीची. पूर्वी सगळी कामं पुरुषच करत. १८८२ च्या ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. आपल्याकडे आता बाप्ये आणि बायका एकत्र गाणार. आमचा अर्जुन काळी एकमध्ये, सुभद्रा काळी चारमध्ये (पेटीची ज्या नंबरची काळी पट्टी ‘सा’ धरून गायचं, ती तुमची पट्टी). त्यांची पदं लागोपाठ आली की साथीदारांची धांदल. काकांनी मधल्या संवादाखाली ऑर्गनवर दोन ओळींचं असं काही वाजवलं की सूर केव्हा बदलला ते कळलंच नाही. तबलजीनं दोन तबले लावून ठेवले होते, एक काळी एकचा आणि एक काळी चारचा. तुमचा तबलजी एकच तबला घेऊन येणार असेल तर पदांचा क्रम ठरवण्याआधी त्याच्याशी बोला.

ट्रॅक वाजवून केलं तर?

करू नका. नट घाबरला की एक ओळ गाळतो नाहीतर दोनदा म्हणतो. माणूस त्याच्याबरोबर जातो, ट्रॅक जात नाही. आमच्या पहिल्या प्रयोगात सुभद्रा ‘वद जाऊ कुणाला शरण’च्या अंतऱ्यात थांबली. रडली की विसरली, ते तिलाही सांगता आलं नाही. काकांनी तोच सूर धरून ठेवला आणि तबलजीनं ठेका हळू केला. चार-पाच सेकंदांनी ती परत आली. लोकांना तो अभिनय वाटला.

साथीला निदान ऑर्गन किंवा पेटी आणि तबला, एवढी दोन माणसं हवीतच. तंबोऱ्याला इलेक्ट्रॉनिक यंत्र चालतं. मिरज आमच्या शेजारीच आणि ते तर तंबोरे घडवणाऱ्यांचं गाव, त्यामुळे आम्हाला खरा तंबोरा मागून आणता आला. त्याला ने-आण करताना रिक्षात मांडीवर घेऊन बसावं लागतं, आणि रिक्षावाला दर खड्ड्याला मागे वळून बघतो.

बाईनं कृष्ण केला तर लोक नावं ठेवतील का?

भाऊराव सुभद्रा करत होते म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत, मग बाईनं कृष्ण केला म्हणून का ठेवावीत? आमच्याकडे नारदाचं काम एका बाईंनी केलं. तक्रार एकच आली: चिपळ्या उलट्या हातात होत्या.

लहान मुलांना काय काम द्यायचं?

मूळ नाटकात मुलांसाठी खास काही नाही. पण द्वारका म्हणजे राजवाडा, तिथे मुलं असणारच. नांदीला सूत्रधाराबरोबर नऊ पोरं उभी केली. लग्नाच्या गडबडीत हार, परड्या, पंखे घेऊन तीच फिरली, आणि घटोत्कचाच्या प्रवेशात जंगलातली झाडं झाली. नऊच्या वर घेऊ नका. आम्ही बारा घेतली होती, त्यातली तिघं तिसऱ्या तालमीला विंगेत मारामारी करून स्वतःच गळाली.

तीन नियम उपयोगी पडले. मुलांच्या तालमी वेगळ्या आणि पाऊण तासाच्या. प्रयोगाच्या दिवशी ग्रीनरूममध्ये एकही आई नाही. त्याऐवजी दोन मावश्या, ज्यांचं स्वतःचं मूल नाटकात नाही. आणि पांढऱ्या कपड्यावर कुणालाही पेयं नाहीत, पाणी सोडून. तिसरा नियम मोडला गेला. नांदीत डावीकडून तिसऱ्या मुलाच्या सदऱ्यावर कोकमाचा डाग व्हिडिओत स्वच्छ दिसतो.

सहा वर्षांच्या आमच्या चिमुकलीनं मांडवातल्या प्रयोगात हातातली परडी खाली ठेवली, आजीला शोधलं, हात हलवला आणि परडी उचलून पुन्हा लग्नाला लागली. कुणी तिला रागावू नये म्हणून दिग्दर्शकाला मीच आधी बाहेर चहाला नेलं.

तालमी किती आणि कुठे?

अकरा आठवडे. पहिले चार आठवडे फक्त वाचन आणि पदं, बसून. मग हालचाली. आठवड्यातून तीन दिवस रात्री साडेआठ ते साडेदहा, रविवारी सकाळी पूर्ण. जागा एका काकांची मोकळी झालेली पिठाची गिरणी. धूळ असल्यामुळे गाणाऱ्यांचे घसे बसले. तुम्ही शाळेचा वर्ग मिळवा.

जमिनीवर खडूनं रंगमंचाची मापं आखून घ्या. आम्ही गिरणीत दिलखुलास फिरायचो आणि मांडवातल्या रंगमंचावर पहिल्या दिवशी अर्जुन, कृष्ण आणि त्रिदंड तिघे एकाच वेळी मावेनात. रंगीत तालीम एकच घेऊन चालत नाही. एक कपड्यांची आणि एक दिव्यांची, अशा दोन ठेवा.

घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो ते कसं दाखवलं?

फोन करणाऱ्या दहातल्या आठांना हेच हवं असतं. आमचा घटोत्कच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अंगकाठीनं वेलदोडा. सुभद्रा त्याच्यापेक्षा वजनदार, आणि ती हे वाक्य वाचणार आहे म्हणून इथेच थांबतो.

तिला उचलायचं नाही, हे पहिल्या आठवड्यातच ठरलं. एका जुन्या कॉटच्या फळीला गोदामातल्या हातगाडीची चार चाकं लावली आणि वर काळं कापड टाकलं. सुभद्रा झोपलेली असते ती त्यावरच. घटोत्कच येतो, तिच्यावर वाकतो, दोन्ही हात पसरतो, मागे झाडं झालेली पोरं हलायला लागतात. त्याच क्षणी दिवे मंद होऊन हिरवा स्पॉट येतो आणि विंगेतले दोघे दोरीनं फळी ओढतात. घटोत्कच तिच्याबरोबर हात धरून धावतो. प्रेक्षकाला राक्षस तिला तरंगवत नेतोय असं वाटतं. चाकांना आदल्या दिवशी तेल घाला. आम्ही विसरलो होतो, त्यामुळे मांडवात राक्षस कुरकुरत गेला. पोरांना तेच जास्त आवडलं.

कपडे, दाढ्या, मुकुट?

भाड्यानं घ्या, शिवू नका. शिवले ते फक्त मुलांचे आणि संन्याशाचे. संन्याशाची भगवी छाटी घरी रंगवली तर रंग पक्का करून घ्या. आमच्या अर्जुनाच्या खांद्यावर चार दिवस भगवा पट्टा होता आणि ऑफिसात त्याला वेगवेगळ्या पक्षांबद्दल विचारत होते.

रंगभूषेला माणूस बाहेरचा आणा, पैसे द्या. एकतीस चेहरे रंगवायला दोघांना साडेतीन तास लागतात, तेव्हा नऊच्या प्रयोगाला मुलं साडेपाचला हवीत आणि त्यांच्या खाण्याची सोय आधी. मिश्या लावल्यावर हसायचं नाही, वडा खायचा नाही. बलरामानं दोन्ही केलं. दुसऱ्या अंकात त्याच्या मिशीचं उजवं टोक सुटलं आणि रागाच्या प्रत्येक वाक्याला ते फडफडत राहिलं. त्यानं शेवटी संतापून मिशीला पीळ दिला, तीच पकडून ठेवली आणि पुढचं सगळं भांडण एका हातानं केलं.

माईक कसे?

नाट्यगृहात पुढे तीन आणि वर दोन माईक पुरले. कॉलर माईक फक्त सुभद्रा आणि कृष्णाला. दागिन्यांचा आवाज त्यात येतो, तेव्हा मोहनमाळ आणि माईक यांतलं एक काहीतरी ठेवा. मांडवात मात्र माईकशिवाय गत्यंतर नाही, शेजारच्या मंडळाचा डॉल्बी असतोच.

मांडवातच करावं की नाट्यगृहात?

पहिला प्रयोग मांडवात करा. आपली माणसं असतात, चुका पोटात घालतात. पण उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, ते दिवस कोणते ते तुमच्या पोलिस ठाण्यात आधी विचारा. सातला तिसरी घंटा झालीच पाहिजे. आमची सात वाजून पंचवीस मिनिटांनी झाली, कारण आरतीला आलेले पाहुणे बोलायचे थांबेनात. त्यामुळे शेवटचा प्रवेश घड्याळ बघत झाला आणि द्वारकेतलं लग्न चार मिनिटांत उरकलं.

खर्च किती येतो, तिकीट लावावं का?

तीन प्रयोगांचा मिळून आमचा खर्च एक लाख अडतीस हजारांच्या आसपास गेला. कपडे, साथीदारांचं मानधन आणि नाट्यगृहाचं भाडं यांतच बराचसा. नेपथ्यावर फार कमी: दोन खांब, एक आसन, मागे निळा पडदा.

मांडवात फुकट, नाट्यगृहात शंभर रुपये. पास वाटू नका. पास घेतलेला माणूस उशिरा येतो, पुढची जागा मागतो आणि मध्यंतराला जातो. हौशी साथीदारांनाही पाकीट द्यायचंच, नारळ आणि शाल देऊन वाटेला लावायचं नाही.

वन्स मोअर आला तर?

एकदा घ्या, दुसऱ्यांदा नमस्कार करा. आमच्याकडे कृष्ण आणि रुक्मिणी हे खरोखरचे नवरा-बायको. मांडवातल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी गॅस सिलिंडरवरून त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं आणि ते गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळी तो ‘नच सुंदरी करू कोपा’ म्हणायला लागला तेव्हा पहिल्या ओळीलाच मांडव फुटला. चार वेळा वन्स मोअर. ती आधी पाठ फिरवून बसली होती ती संहितेप्रमाणे, पण तिसऱ्या वेळी तिचे खांदे हलत होते ते संहितेत नव्हतं. दहाची वेळ हुकायला तेही एक कारण.

जुने रसिक नाराज होतात का?

काही होतात. एक आजोबा मध्यंतरात आत आले आणि कुठली पदं गाळली त्यांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवली. आम्ही त्यांना पुढच्या वेळी प्रॉम्प्टर व्हा म्हणालो. ते झाले. नाट्यगृहातल्या दोन्ही प्रयोगांना विंगेत पुस्तक न उघडता उभे होते, आणि गाळलेली पदं मनातल्या मनात म्हणत होते. ओठ हलताना दिसायचे.

स्पर्धेला उतरावं का?

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे. हौस भागली आणि घसे शाबूत असले तर जरूर. आम्ही विचार केला, मग दहावीची दोन मुलं आठवली आणि सोडला.

तुमचं सामान मिळेल का?

चाकांची फळी, मुलांचे सदरे (एकावर डाग आहे), निळा पडदा, हे सगळं नेता येईल. ट्रॅक्टर नाहीतर छोटा टेम्पो आणा. त्रिदंडाचं मात्र आधी विचारून घ्या. अर्जुनाच्या आईनं तिन्ही काठ्या सोडवून एक आंबे काढायला ठेवलीय, एकीवर कुरडयांची चादर बांधते, आणि तिसरी कुत्र्यांसाठी दाराशी असते.